अडतिसावं पान

माया रामटेके फोटोंवरून टायपिंग करून द्यायची. नागपूरच्या नंदनवन भागात तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. समोरच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि लोखंडी कपाट. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोपणं. नवरा फार वर्षांपूर्वी सोडून गेला होता. मुलगी दीक्षा लग्न होऊन भिलाईला होती. पूर्वी माया कोर्टाच्या बाहेर बसून अर्ज टाईप करायची, पण आता लोक कागद आणत नसत, फोटो आणत. कुणी विद्यार्थी ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकाची पानं कॅमेऱ्यात टिपून आणायचा, कुणाकडे आजोबांची वही असायची, कुणाकडे पन्नास वर्षांपूर्वीचं खरेदीखत. ते सगळं वर्डमध्ये उतरवून द्यायचं, म्हणजे त्यांना हवं तिथे खोडता यावं, जोडता यावं. छापील मजकूर कॉम्प्युटर स्वतःच बराचसा वाचायचा. हाताने लिहिलेली मराठी मात्र त्याला झेपत नसे. मग माया एका बाजूला फोटो लावायची आणि ओळीमागून ओळ स्वतः टाईप करायची.

एप्रिलमधल्या एका दुपारी सिंधूताई मेश्राम तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या आसपासची बारकी बाई, डोक्यावरचा पदर घामाने ओला. खाप्याच्या पुढे कन्हान नदीच्या काठी त्यांचं गाव. तिथून बस बदलत आल्या होत्या.

"फोटोचं लिवून देते ते बाई तूच काय वं?"

"हो मावशी. आत या, ऊन लय आहे."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि बामची एक रिकामी डबी काढली. डबीत कापसात गुंडाळलेलं कॅमेऱ्याचं कार्ड होतं.

"माह्या पोराचं हाय. धम्मानंदचं. त्याले जाऊन चार महिने झाले. परवा शिलाई मशीनच्या खणात सुई पाहाले गेली तं हे सापडलं. मोबाईलवाल्याले दाखोलं, तो म्हने फाईली खराब हायेत. मंग प्रीतम, त्याच्यासंगं लग्नाचे फोटो काढे, तो म्हने खराब नाही मावशी, हे कॅमेऱ्याचे कच्चे फोटो हायेत, फोनमंदी उघडत नाहीत. त्यानंच तुहं नाव सांगतलं."

मायाने कार्ड लावलं. त्रेचाळीस फाईली होत्या, सगळ्या रॉ. कॅमेऱ्याने जे पाहिलं ते जसंच्या तसं, काही सारवासारव न करता साठवलेलं. पहिली उघडली तर पडदा जवळपास काळा. मायाने उजेड वाढवला, सावल्या वर ओढल्या. हळूहळू काळ्यातून पिवळा कागद वर आला, मग आखलेल्या रेघा, मग निळ्या पेनाची अक्षरं. वहीचं पान होतं. खाली चटईची किनार दिसत होती, आणि पान दाबून धरलेला एक अंगठा. नखाखाली रक्त साकळून काळं पडलेलं.

सिंधूताई खुर्चीवरून उठल्या आणि पडद्याजवळ गेल्या. "हा त्याचा आंगठा. दिवाळीत दारात चेंदला होता." त्यांनी पडद्यावरच्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिल्या.

धम्मानंद सत्तावीस वर्षांचा होता. गावात आणि खाप्याला लग्नाचे, बारशाचे फोटो काढायचा. डिसेंबरच्या चौदा तारखेला पहाटे तो नदीवर गेला आणि परत आला नाही. नदीत रेती काढून काढून खोल खड्डे पडले होते, त्यातल्या एका खड्ड्यात दुपारी तो सापडला. पाय घसरून बुडाला, अशी नोंद झाली. कॅमेरा सापडला नाही.

"आठव्या वर्षापासून पोहे तो," सिंधूताई म्हणाल्या. "पुरात बी पोहे. तो कसा बुडन वं?"

मायाने कार्ड जपून खणात ठेवलं. पंधरा दिवसांत करून देते, एवढंच ती म्हणाली.

"मले वाचता येत नाही," दारातून सिंधूताई म्हणाल्या. "तू छापून देशीन तं कोनीबी वाचून दाखवीन. अन् माह्याबद्दल काही लिवलं असन तं पयले ते सांगजो."

दुसऱ्या दिवशी मायाने काम सुरू केलं. आधी सवयीप्रमाणे कॉम्प्युटरला वाचायला लावलं. त्याने रेतीला शेती केलं आणि घाटाला वाट. 'शेतीचे सात टिप्पर वाटेवरून गेले' असं काहीतरी बाहेर आलं. मायाने ते पुसून टाकलं आणि हाताने टाईप करायला घेतलं.

ती डायरी नव्हती, हिशेबाची वहीही नव्हती. धम्मानंद रोज पहाटे जुन्या घाटावर जाऊन बसायचा आणि तिथे रेती भरायला येणाऱ्या ट्रकचे, टिप्परचे, नंबर लिहायचा. तारीख, वेळ, नंबर, भरलेला की रिकामा. पोकलेन मशीन कुठे लावलं होतं, किती खोल खणलं होतं. अधूनमधून एखादं वाक्य. 'आज पाणी मातीसारखं वाहत होतं.' 'विहिरी खाली गेल्या, गोपिकाकाकूंची पण.' 'तहसील कार्यालयात अर्ज दिला, पोच दिली नाही.' बहुतेक टिप्पर गिरिधर नावाच्या माणसाचे होते. त्याचं नाव वहीत सात-आठ वेळा होतं. धम्मानंदने त्याला एकदाच पाहिलं होतं. जाडा माणूस, एवढंच दहाव्या पानावर लिहिलं होतं.

सिंधूताई दोन दिवसांआड शेजारणीच्या फोनवरून विचारायच्या.

"लागलं काय वं काही?"

"नंबरच आहेत मावशी. गाड्यांचे. पुढं पाहते."

"बरं. असन पुढं."

माया रोज मनातल्या मनात म्हणायची, एक तरी ओळ असू दे या बाईबद्दल. नवव्या दिवशी, अडतिसाव्या पानावर, ती सापडली.

हे पान घाईत लिहिलेलं होतं. फोटोही तिरका होता, धम्मानंदच्या डोक्याची सावली अर्ध्या पानावर पडली होती. मायाने ती सावली फिकी केली तेव्हा मजकूर नीट दिसला.

'११ डिसेंबर. मी नसताना दोघे घरी येऊन गेले. बहिणीच्या लग्नाचे फोटो काढायचे म्हणाले. आईने चहा पाजला आणि सांगून टाकलं की मी रोज पहाटे साडेपाचला एकटाच जुन्या घाटावर असतो. एक जण जाडा, आई म्हणते डाव्या हाताला करंगळी नाही. म्हणजे गिरिधरच. आता त्याला वेळ पण कळली, जागा पण कळली. आईचा काय दोष. ती सगळ्यांनाच चहा पाजते.'

मायाने हात कीबोर्डवरून काढून घेतले. ते पान तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

तिचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना तापाने गेला होता. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथला डॉक्टर आईला सहज बोलून गेला, काल आणलं असतं तर वाचला असता. त्याला काही वाटलंही नसेल. आई त्यानंतर एकवीस वर्षं जगली आणि एकवीस वर्षं तो 'काल' घेऊन जगली. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची. शेवटच्या दुखण्यात शुद्ध हरपली तेव्हाही ती तेच पुटपुटत होती. मायाने ते सगळं जवळून पाहिलं होतं.

ती उठली, चेहरा धुतला, परत येऊन बसली. नंबर सगळे आहेत, तिने विचार केला. तारखा आहेत, गिरिधरचं नाव आहे. ज्याला काही करायचं असेल त्याला तेवढं पुरे. या पाच ओळींनी गेलेला मुलगा परत येणार नाही, आणि उरलेली आई मात्र जाईल.

तिने टाईप केलं: '११ डिसेंबर. आई सगळ्यांनाच चहा पाजते.' आणि एकोणचाळिसावं पान घेतलं.

उरलेल्या पाच पानांवर नंबरच होते. शेवटच्या पानावर तेरा तारीख टाकून धम्मानंदने लिहिलं होतं, 'सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवतो आहे. वही माझ्याजवळ राहील.' ती वही कॅमेऱ्यासारखीच कुणाला सापडली नव्हती.

सिंधूताई न्यायला आल्या त्या दिवशी मायाने त्यांना सगळं वाचून दाखवलं. नंबर ऐकतानाही त्या मान हलवत होत्या, जणू एकेक गाडी ओळखीची आहे. अकरा डिसेंबर आला. मायाने ती एक ओळ वाचली.

"पुन्हा वाच."

मायाने वाचली.

"असं लिवलं त्यानं?" त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच डोळे भरले. "तो चिडे माह्यावर. म्हने, रस्त्यानं जानाऱ्याले बी बोलावतं तू. पन लिवलं त्यानं. पुन्हा एकडाव वाच बरं."

मायाने तिसऱ्यांदा वाचली. सिंधूताईंनी तीन प्रती नेल्या. कार्ड पुन्हा कापसात गुंडाळून डबीत ठेवलं.

त्या गेल्यावर मायाने कॉम्प्युटरवरचे सगळे फोटो काढून टाकले. असे मोठे फोटो ती एरवीही काम झाल्यावर पुसून टाकायची, जागा अडते म्हणून. पण त्या दिवशी ते कारण नव्हतं. ते पान कुणाच्या हाती लागू नये, असं तिला वाटत होतं.

जूनमध्ये तिला कामिनीचा फोन आला. कामिनी चाळिशीतली, नदीतल्या बेकायदा रेती उपशाविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेत होती. सिंधूताईंनी तिला छापलेली प्रत दाखवली होती.

"ताई, तुमचे किती आभार मानू," ती म्हणाली. "मले फक्त तेवढी वर्डची फाईल पाठवा. नंबर उचलून तक्ता करते. इतके दिवस नुसती बोंब होती, आता कागद आहे."

मायाने फाईल पाठवली. तिला बरं वाटलं. आपण जे केलं त्याने कुणाचं काही बिघडलं नाही, उलट काम पुढे सरकलं, असं तिने स्वतःला सांगितलं. कामिनीने एक वकील गाठला, आणि धम्मानंदच्या मृत्यूचा पुन्हा तपास व्हावा म्हणून सिंधूताईंच्या नावाने कोर्टात अर्ज लागला. अर्जाला टाईप केलेली वही जोडली होती.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी कामिनी न सांगता नंदनवनला आली. खुर्चीत बसली, पण पाठ टेकली नाही.

"ताई, तुमच्याकडे मूळ फोटो असतील ना?"

"कार्ड मावशींकडे आहे की."

"कार्ड माह्याकडे होतं." कामिनी खाली पाहत बोलली. "मावशींनीच दिलं होतं. ऑगस्टमध्ये घाटावर गाड्यांचं शूटिंग घ्यायचं होतं, माह्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. मी ते लावलं. कॅमेऱ्यानं विचारलं, सगळं पुसू का, मी हो म्हटलं. म्हटलं, सगळं तर टाईप झालेलंच आहे. दोन दिवस त्याच्यावर शूटिंग केलं. आता वकील म्हणतात मूळ पाहिजे. टाईप केलेलं तर कोणीही करू शकते म्हणतात."

मायाने कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"मी पण काढून टाकले," ती म्हणाली.

कामिनीने डोळे मिटले. मग ती म्हणाली, "आणि त्या गिरिधरनं उत्तर दिलं आहे. म्हणतो, मी त्या गावात कधी पाय ठेवला नाही, हा फोटोग्राफर कोण मले माहीत नाही. नंबर लिहिले असतील त्यानं, म्हणून मी काय त्याला ओळखत होतो? ताई, एकच गोष्ट पाहिजे होती. तो धम्मानंदच्या मागावर होता हे दाखवणारी एक ओळ. पण वहीत तशी ओळच नाही. मी दहादा वाचली."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. माया पुढे कित्येक दिवस स्वतःला हेच म्हणत राहिली. पण तोंड उघडलंच नाही. "पाहते, कॉम्प्युटरमधून काही परत काढता येते काय," एवढंच ती बोलली.

पुसलेल्या फाईली परत शोधणारं एक सॉफ्टवेअर तिने उतरवून घेतलं आणि दोन दिवस कॉम्प्युटर चाळला. मधल्या सहा महिन्यांत तिने शेकडो दुसरे फोटो त्याच जागेवर भरले होते. नऊ फाईली सापडल्या, त्यातल्या सात उघडल्याच नाहीत. एकीत राखाडी पट्टे होते. नववी अडतिसाव्या पानाची होती, पण आतला मूळ फोटो गेला होता. कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत जे इवलंसं चित्र ठेवतो तेवढं उरलं होतं. पोस्टाच्या तिकिटाएवढं. मायाने ते मोठं केलं. पानाचा तिरकेपणा कळत होता, डोक्याची सावली कळत होती. ओळी म्हणजे नुसत्या निळ्या मुंग्या. काय लिहिलंय ते माहीत असलेल्या माणसालाच ते दिसलं असतं, आणि असं माणूस एकच होतं.

तिसऱ्या दिवशी तिने खाप्याची बस धरली.

सिंधूताई अंगणात अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. मायाला पाहून लगबगीने उठल्या, खाट टाकली, आत चहा ठेवायला निघाल्या.

"चहा नको मावशी. आधी बसा. मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली."

मायाने सांगितलं. अडतिसाव्या पानावर काय होतं ते आठवून, धम्मानंदच्या शब्दांत, शेवटपर्यंत म्हटलं. सिंधूताई हातातली काडी तशीच धरून ऐकत होत्या. 

"करंगळी नव्हती," त्या म्हणाल्या. "कप धरला तवा दिसली. म्या इचारलं बी, काय झालं बापा हाताले. म्हने, मशीनमंदी गेली. मले वाईट वाटलं त्याचं."

"मावशी, तुम्हाले कोणी विचारलं नाही काय, घरी कोण आलं होतं म्हणून?"

"इचारलं ना. ठान्यात इचारलं, कामिनीनं इचारलं. म्या म्हटलं, कोनी नाही. फोटोवाले गिऱ्हाईक तं रोजच येत. ते काय कोनी असते काय?" त्यांनी काडी खाली ठेवली. "म्हंजे म्याच सांगतलं त्याहिले. कुठं हाय तो, कवा असते, कोनासंगं असते. सारं म्याच सांगतलं."

"तुम्हाले माहीत नव्हतं मावशी."

"मले नव्हतं." त्यांनी मायाकडे पाहिलं. "तुले तं होतं ना. तुले एप्रिलपासून माहीत होतं."

"मले वाटलं, तुम्ही हे सहन नाही करणार. माझ्या आईचं..."

"तुह्या मायचं मले नको सांगू." त्यांचा आवाज चढला नाही, पण फाटला. "माह्या जीवाचं ठरवनारी तू कोन वं? तवाच सांगतलं असतं तं म्या तवाच जाऊन त्याचं तोंड दाखोलं असतं. शेजारची गोपिका होती, तिनं बी पाह्यलं त्याले. ती मेली आता. श्रावणात मेली ते."

माया खाली मान घालून बसली. रडण्याचाही हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटलं. थोड्या वेळाने सिंधूताई उठल्या, सुपातली भाजी उचलून आत ठेवली आणि पदर खोचत बाहेर आल्या.

"चाल. कुठं सांगा लागते ते सांग. सांगीन मी."

वकिलाने दोघींचं ऐकून घेतलं आणि बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिला. "सिंधूताईंची साक्ष देऊ," तो म्हणाला. "पण ती आजच का आठवली, हे कोणी विचारणारच. त्याला उत्तर म्हणून मायाताईंना सांगावं लागेल की आपण मजकूर काढला. शपथेवर. तुम्हाले कळतं ना त्याचा अर्थ काय होईल ते?"

"कळते," माया म्हणाली.

"न सांगता नुसती साक्ष दिली तर?" कामिनीने विचारलं.

"तर सिंधूताईंच्याच अर्जाला जोडलेली वही त्यांच्याविरुद्ध जाते. त्यात असं काही नाहीच."

मायाने सांगायचं ठरवलं. निदान आता तरी आहे तसं सांगू, यापलीकडे तिला काही सुचत नव्हतं.

जानेवारीत सुनावणी झाली. गिरिधर इस्तरीच्या शर्टात मागच्या बाकावर बसला होता, डावा हात खिशात घालून. सिंधूताईंनी त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं, हाच आला होता. गिरिधरच्या वकिलाने फार आवाज न करता विचारलं, "तेरा महिने तुम्ही हे कोणालाच सांगितलं नाही?"

"मले माहीत नव्हतं तो कोन हाय ते."

"आणि आता कोणी सांगितलं?"

सिंधूताईंनी मायाकडे पाहिलं.

मग माया उभी राहिली. तिने पान कसं होतं, आपण काय काढलं, काय ठेवलं, सगळं सांगितलं. तिकिटाएवढं चित्र छापून आणलं होतं, ते पुढे केलं. वकिलाने ते हातात धरून उजेडाकडे केलं.

"यात मला तर काही वाचता येत नाही. तुम्हाला येतं?"

"मले माहीत आहे काय लिहिलं होतं ते."

"माहीत आहे ते वेगळं. वाचता येतं का?"

"नाही."

"'आई सगळ्यांनाच चहा पाजते', हे वाक्य मूळ वहीत असंच होतं?"

"'आई' नव्हतं. 'ती' होतं. 'आई' मी घातलं."

"म्हणजे तुम्ही काढलंही आणि घातलंही. मग उरलेल्या बेचाळीस पानांत काय काय काढलं, काय काय घातलं? एखादं नाव? एखादा नंबर?"

"नाही. बाकी सगळं जसंच्या तसं आहे."

"हे सांगणाऱ्याही तुम्हीच," तो म्हणाला आणि बसला.

दोन आठवड्यांनी निकाल आला. मूळ वही नाही, मूळ छायाचित्रं नाहीत. टाईप केलेल्या प्रतीत बदल केल्याचं टाईप करणारीनेच मान्य केलं आहे. आईची ओळख पटवण्याची साक्ष उशिराची आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून आलेली. अर्ज फेटाळला. ती वही गेली तसे टिप्परचे नंबरही गेले. कामिनीने मोठ्या कष्टाने केलेला तक्ता आता कुणी हातात घेईना. कामिनीचा वकील म्हणाला, वरच्या कोर्टात जाता येतं, पण घेऊन काय जायचं?

कोर्टाच्या पायऱ्यांवर कामिनी मायाला म्हणाली, "तुम्ही पुसलं, मी पण पुसलं." तिला धीर द्यायचा होता की दोष वाटून घ्यायचा होता, मायाला कळलं नाही. सिंधूताई दोघींपासून लांब, भिंतीला टेकून उभ्या होत्या. बस आली तशा त्या मागे न पाहता चढल्या.

मायाने ते काम बंद केलं नाही. बंद करून खाणार काय होती? पण आता ती कुणाचाही फोटो पुसत नसे. कपाटात एकामागून एक डिस्क साठत गेल्या. लोक विचारायचे, एवढं कशाला ठेवता, तर ती नुसती मान हलवायची.

मार्चमध्ये कामिनीकडून कळलं की सिंधूताईंनी गाव सोडलं. घाटावरच्या गाड्या रोज पहाटे त्यांच्या घरावरून जायच्या. कामठीला बहिणीकडे राहायला आल्या होत्या. माया ऑटोने गेली. यंत्रमागांच्या गल्लीत घर होतं, दोन्ही बाजूंनी खडखडाट चालू. दार आतून लावलेलं होतं. मायाने दोनदा कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी माया, मावशी. नंदनवनची."

बराच वेळ गेला. मग दार उघडलं. सिंधूताई बाहेर आल्या आणि त्यांनी पाठीमागे दार ओढून घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत. पहिल्यापेक्षा बारीक झाल्या होत्या. मायाने क्षमा मागायचं ठरवून आणलं होतं, पण त्यांनीच आधी विचारलं.

"ते पान तुले पाठ हाय ना?"

"हो."

"म्हनून दाखव. त्यानं लिवलं तसं. तुह्या मनचं नको टाकू."

मायाने सुरुवात केली. मी नसताना दोघे घरी येऊन गेले. बहिणीच्या लग्नाचे फोटो काढायचे म्हणाले. मागांच्या आवाजात तिला मोठ्याने बोलावं लागत होतं. पुढे आली आणि अडखळली. 'आता त्याला वेळ पण कळली' असं होतं, की 'आता त्याला माझी वेळ कळली' असं? तिने पुन्हा मागून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबली. वर्षभरात ते शब्द तिने इतक्यांदा मनात म्हटले होते की त्यातले त्याचे कोणते आणि आपले कोणते, हे तिला आता खात्रीने सांगता येत नव्हतं.

"काय झालं?" सिंधूताईंनी विचारलं.

"इथं नक्की काय होतं ते... मले नाही आठवत मावशी."

सिंधूताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, विचारायचंही काही उरलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं आणि आत गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज मागांच्या खडखडाटात माया ऐकू शकली नाही. दार एकदा हललं आणि घट्ट बसलं, एवढंच तिला दिसलं. थोडा वेळ ती तिथेच उभी राहिली. मग गल्लीतून बाहेर आली आणि नागपूरच्या ऑटोत, आधीच बसलेल्या चार माणसांच्या शेजारी, जागा करून बसली.